एक दिवस वापरून पाहिलेली वाक्यं

प्रिय मनी,

आधी बस. हातातलं काम बाजूला ठेव आणि नीट खुर्चीत बस, कारण तुझी आई नोकरीला लागली आहे! हो, मीच. त्रेसष्ट वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधणारी, जिन्याच्या दर वळणावर थांबून दम खाणारी तुझी आई गेले तीन महिने रोज सकाळी नऊ वाजता डबा घेऊन बाहेर पडते आणि संध्याकाळी घरी येते. दर रविवारी फोनवर तू ‘बरी आहेस ना’ विचारतेस, मी ‘बरी आहे’ म्हणते, मग आपण हवेबद्दल आणि माझ्या गोळ्यांबद्दल बोलतो आणि चार मिनिटांत फोन ठेवतो. त्या चार मिनिटांत ही बातमी कोंबायचं माझ्या जिवावर आलं. बारा रविवार मी ती जिभेच्या टोकाशी आणून परत गिळली. आज मात्र सकाळपासून कागद पुढे घेऊन बसले आहे आणि सगळं सांगितल्याशिवाय उठणार नाही.

नोकरी मिळाली ती भांडायला गेले म्हणून. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई आठवतात ना? जिन्यालगतच्या खोलीत ज्यांचं शिलाई मशीन दिवसभर घरघरत असतं त्या. त्यांच्याकडे उसवलेली उशीची खोळ द्यायला गेले होते. त्यांच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं, वर तारीख आणि खाली एक सुविचार. त्या दिवशीचा सुविचार होता, ‘मनशांती हिच खरी संपत्ती आहे, ती बाहेर शोधु नका.’ एका ओळीत तीन चुका! मनःशांतीचा विसर्ग गायब, ‘हीच’ आखूड आणि ‘शोधू’सुद्धा आखूड. एकतीस वर्षं पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासलेल्या बाईच्या अंगाची लाहीलाही झाली नाही तरच नवल. मी शिंपीणबाईंना न विचारता ते पान टर्रकन फाडलं, पर्समधली लाल पेन्सिल काढून तिन्ही ठिकाणी खुणा केल्या, आणि पानाच्या तळाशी छापखान्याचा पत्ता होता तो बघून तडक तिथे जाऊन धडकले.

छापखाना म्हणजे दोन लांबट खोल्या. मागच्या खोलीत मशीन, पुढच्या खोलीत कागदांचे ठोकळे, खळीचा डबा आणि एक भलंमोठं टेबल. टेबलामागे सत्तरीच्या मालकीणबाई. केस बारीक कापलेले, कोपराला शाई. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. मी पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि जे काय बोलायचं ते एका दमात बोलले. त्यांनी शांतपणे चष्मा लावला, खुणा पाहिल्या आणि म्हणाल्या, “तिन्ही चुका बरोबर काढल्यात. आता सांगा, वाक्य खरं आहे का?” मी म्हटलं, “ते माझं काम नाही. मी शुद्धलेखन बघते.” त्यावर त्या म्हणाल्या, “मग ते कुणाचं काम आहे?” मनी, एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

मग त्यांनी चहा मागवला आणि अडचण सांगितली. एक चित्रकलेचे मास्तर बावीस वर्षं या कॅलेंडरची वाक्यं लिहायचे. यंदा त्यांची नजर गेली. पुढच्या वर्षाची तीनशे पानं तयार होती, पासष्ट राहिली होती. मास्तरांच्या वहीत अर्धवट ओळी पुष्कळ होत्या, पण त्या तशाच छापायच्या नाहीत असा त्या दोघांचा नियम. जे वाक्य लिहिणाऱ्याने एक दिवस स्वतः वापरून पाहिलं नाही ते पानावर चढवायचं नाही. “पासष्ट वाक्यं हवीत,” मोठ्या बाई म्हणाल्या, “एक वाक्य, एक दिवस. संध्याकाळी येऊन सांगायचं की चाललं की नाही. कराल?” आता तुला माहीत आहे, सुविचार म्हटलं की मी नाक मुरडते. तू अभ्यासाच्या टेबलावर कसल्या कसल्या ओळी चिकटवायचीस आणि मी म्हणायचे, हे काय गुळगुळीत साखरपाणी लावलंयस. पण का कोण जाणे, मी ‘करते’ म्हणून गेले. घरी येताना स्वतःलाच हसत होते.

पहिलं वाक्य मोठ्या बाईंनी मुद्दाम निवडलं, मला खात्री आहे. ‘आज कुणाचीही चूक काढू नका.’ बघ म्हणजे! माशाला सांगावं, आज पोहू नकोस. घराबाहेर पाऊल टाकलं तर समोर भाजीवाल्याची पाटी, ‘ताजि भाजी’. बसमध्ये चढले तर डोक्यावर ‘धुम्रपान करु नये’. माझी बोटं शिवशिवायला लागली. शेजारच्या बाईने फोनवर कुणाला तरी चुकीचा थांबा सांगितला, तेव्हा बरोबर थांबा सांगावा की नाही या विचाराने मला घाम फुटला. शेवटी सांगितलाच, कारण तो माणूस कुठल्या कुठे उतरला असता. दुपारपर्यंत मी अशी फुगले होते की कुणी टाचणी लावली असती तर फुटले असते.

तिसऱ्या प्रहरी शिंपीणबाईंकडे खोळ आणायला गेले. त्या म्हणाल्या, “आज बुधवार ना?” वार होता गुरुवार, आणि त्यांच्या पाठीमागे भिंतीवर हाताएवढ्या अक्षरात ‘गुरुवार’ छापलेलं होतं. एरवी मी फाडकन बोलले असते. त्या दिवशी तोंडाला कुलूप. मी नुसती उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वळून भिंतीकडे पाहिलं आणि हसल्या. म्हणाल्या, “चुकलं वाटतं. मला काय कळतंय. पान रोज फाडते, पण वाचता कुठं येतंय?” मनी, अकरा वर्षं मी या बाईच्या डोक्यावर राहते आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नाही हे मला ठाऊक नव्हतं! मापं त्या वहीत लिहीत नाहीत, दोऱ्याला गाठी मारून ठेवतात. गाठींच्या त्या लडी मी कितीदा पाहिल्या होत्या. आणि कॅलेंडरचं वाक्य? सकाळी येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणायचं, “चष्मा सापडत नाही हो, जरा वाचता का?” मी विचारलं, “मग मला कधीच का नाही म्हणालात?” त्यांनी खोळीची घडी घालता घालता सांगितलं, “तुम्ही वाचायच्या आधी चूक काढता. भीती वाटते.”

हे ऐकून मला हसू आलं की रडू ते अजून ठरवता आलेलं नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, “त्या दिवशी तुम्ही पान फाडून नेलंत, त्यावर काय होतं?” म्हणजे बघ, त्यांच्या एका दिवसाचं वाक्य मी चोरलं होतं. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि त्यांना ते तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं, विचार केला आणि म्हणाल्या, “आतच शोधा म्हणताय, पण आत तर या मशीनची घरघर. मी तर शांततेला बाहेर जिन्यावरच जाऊन बसते.” संध्याकाळी मी धावत, अक्षरशः धावत, गुडघ्याची पर्वा न करता छापखान्यात गेले आणि मोठ्या बाईंना म्हटलं, “ते आधीचं वाक्य अर्धंच खरं आहे. आणि आजचं पूर्ण खरं आहे, पण फार दुखतं.” त्या म्हणाल्या, “मग छापूया.”

तेव्हापासून एक रीतच पडली. मोठ्या बाईंनी मला प्रुफं तपासायलाही दिवसा छापखान्यातच बसवलं. सकाळी उठल्यावर चहाचा कप घेऊन मी खिडकीशी बसते आणि त्या दिवसाचं वाक्य लिहिलेली चिठ्ठी गठ्ठ्यातून काढून समोर ठेवते. दहा मिनिटं काही करत नाही. नुसतं ते वाक्य बघते. देवाधर्माच्या वाटेला मी कधी फारशी गेले नाही, तुला ठाऊकच आहे. याला प्रार्थना म्हणायचं का, मला माहीत नाही. पण काय होतं सांगते. पहिली दोन मिनिटं मी शब्द तपासते, ती सवय जात नाही. मग शब्द संपतात आणि मला एखादा चेहरा दिसायला लागतो. वाक्य कुठलंही असो, कुणाचा ना कुणाचा चेहरा येतोच. मग दिवसभर तो माणूस माझ्याबरोबर असतो. एवढंच. पण एवढ्याने माझा दिवस असा भरलेला जातो की काय सांगू! बाबा गेल्यापासून चार वर्षं मी सकाळी उठून आधी किती वाजले ते बघत होते, दिवस संपायला अजून किती उरलाय म्हणून. आता मला दिवस पुरत नाही.

आणि जाता जाता शिंपीणबाईंना ते वाक्य वाचून दाखवायचं, हेही ठरून गेलं. त्या माझ्या पहिल्या परीक्षक. नाक, डोळे, ओठ काही न हलवता ऐकतात आणि निकाल देतात. “हे अंगाला बसत नाही,” “हे काखेत घट्ट होतंय,” “हे छान आहे, पण कधीतरीच घालायचं.” एकदा मी ऐटीत एक लांबलचक वाक्य घेऊन गेले, जोडाक्षरांनी नुसतं मढवलेलं. त्या म्हणाल्या, “कापड लई, अंग कुठंय?” ती चिठ्ठी मी त्यांच्याच कातरणांच्या टोपलीत टाकली.

मशीनवाल्या काकांची गोष्ट सांगायलाच हवी. छापखान्याच्या मागच्या खोलीत मशीन चालवणारे, माझ्याच वयाचे, उंच, कायम कपाळाला आठ्या. पहिले पंधरा दिवस मी त्यांना ‘नमस्कार’ म्हणायचे आणि ते खुशाल पाठमोरेच राहायचे. मनात म्हटलं, काय उद्धट माणूस आहे. मग एका सकाळी चिठ्ठी आली, ‘ज्याला रोज पाहता त्याला आज नीट पाहा.’ मी दुपारी मागच्या खोलीत एक स्टूल ओढलं आणि बसले. अर्धा तास त्यांच्याकडे बघत होते. तेव्हा दिसलं की मशीन सुरू करण्याआधी ते त्याच्या लोखंडी अंगावर तळहात टेकवतात, डोळे मिटतात आणि मग खटका ओढतात. आवाज ते कानाने ऐकतच नव्हते, हाताने ऐकत होते. पस्तीस वर्षांच्या खडखडाटाने त्यांचे दोन्ही कान गेलेत. माझा नमस्कार त्यांच्या पाठीवर आपटून रोज खाली पडत होता, आणि मी त्यांना उद्धट ठरवून मोकळी!

मी एका रद्दी कागदावर ‘नमस्कार’ लिहून त्यांच्यासमोर धरलं. त्यांच्या आठ्या अशा सुटल्या की एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. तेव्हापासून आमची चिठ्ठ्यांची गप्पाष्टकं चालतात. त्यांचं शुद्धलेखन भयंकर आहे, मनी, इतकं भयंकर की एका ओळीत मी जुन्या काळी पानभर खुणा केल्या असत्या. आता मी त्या चिठ्ठ्या जपून ठेवते. एकदा त्यांना विचारलं, मशीनवर आधी हात का ठेवता? त्यांनी लिहिलं की ते कुठे अडलंय, कुठे तापलंय हे आधी कळायला नको का, मगच त्याच्याकडून काम मागायचं. त्यातूनच एक पान झालं, ‘आधी हात ठेवा, मग बोला.’ मी ते दिवसभर वापरून पाहिलं. शिंपीणबाईंच्या खांद्यावर हात ठेवून ‘आज कशा आहात’ विचारलं, तर त्यांनी चक्क मशीन बंद करून तासभर सांगितलं. मोठ्या बाईंच्या हातावर हात ठेवला, तर त्यांनी दचकून काढून घेतला आणि मग पाच मिनिटांनी स्वतःच आणून ठेवला. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये ते पान आलं की काका म्हणणार आहेत, हे माझं आहे. म्हणू देत. त्यांचंच आहे.

सगळीच वाक्यं चालली असं समजू नकोस. बरीच पडली. ‘नेहमी हसत राहा’ हे सकाळी अकरापर्यंतसुद्धा टिकलं नाही. बँकेच्या खिडकीवरच्या माणसाने माझं ताणलेलं हसू बघून विचारलं, “काही लागलंय का, बाई?” आणि एक वाक्य तर फारच वाईट पडलं. मास्तरांच्या वहीतलंच होतं, ‘मागचं विसरा, पुढे चला.’ दिसायला किती स्वच्छ. मी म्हटलं, बरं, आज विसरून दाखवते. तुझ्या बाबांचं कपाट उघडलं. चार वर्षांत उघडलं नव्हतं. ठरवलं की कपडे बांधून देऊन टाकायचे. सदरे झाले, स्वेटर झाले, आणि तळाशी त्यांचे काळे जोडे निघाले. टाचेकडे एका बाजूने झिजलेले, त्यांच्या त्या किंचित तिरक्या चालीने. मी ब्रश आणला आणि जमिनीवर बसून त्यांना पॉलिश करायला लागले. देऊन टाकायचे तर चांगले करून द्यावेत, असं मनाला समजावत होते. चकाचक झाले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती, आणि ते मी परत कपाटात ठेवले. छापखान्यात जाऊन मोठ्या बाईंना म्हटलं, “हे छापू नका. खोटं आहे.” त्यांनी विचारलं, “कुठे अडलं?” मी म्हटलं, “जोड्यांपाशी.” त्यांनी त्या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “नुसतं ‘विसरा’ उसवा आणि तिथं ‘आवरा’ घाला.” बघ काय झालं ते. ‘मागचं आवरा, मग पुढे चला.’ इतकं सरळ वाक्य मला एकतीस वर्षांत सुचलं नसतं. त्या दिवशी मी कुणाला तरी मिठी मारायची म्हणून शेवटी शिंपीणबाईंनाच मारली, टाचण्यांसकट.

आता जे लिहिणार आहे ते नीट वाचता यावं म्हणून सावकाश लिहिते आहे. बाबा गेल्यानंतर महिन्याभराने तू मला चार पानी पत्र लिहिलं होतंस. तू परीक्षा देऊन आलीस तोवर सगळं आटोपलेलं होतं, मग आठ दिवस राहून परत गेलीस आणि तिथून लिहिलंस. लिहिताना रडत होतीस हे शाईवरूनच कळत होतं, कितीतरी अक्षरं पसरली होती. आणि मी काय केलं? मी लाल पेन्सिल घेतली. पहिल्या पानावर सहा खुणा, दुसऱ्यावर नऊ. चारही पानं तपासून, समासात नीटनेटक्या टिपा लिहून, मी ते पत्र पाकिटात घालून तुला परत पाठवलं. सोबत एक ओळही लिहिली नाही. तुझं दुःख मला वाचता येत नव्हतं, म्हणून मी ऱ्हस्व-दीर्घ वाचले. हे आज मला इतकं स्वच्छ दिसतंय, तेव्हा काही दिसत नव्हतं. त्यानंतर तुझं पत्र आलं नाही. कसं येणार? फोन मात्र तू कधी चुकवला नाहीस, दर रविवारी, चार मिनिटं. माझी मुलगी किती भली आहे हे मी त्या चार मिनिटांवरून ओळखायला हवं होतं. मी त्यातही तुझं एखादं वाक्य दुरुस्त करत राहिले.

काल दुपारी चौसष्ट वाक्यं पूर्ण झाली. शुक्रवारी शेवटची पानं मशीनवर चढायची आहेत. मोठ्या बाई म्हणाल्या, “पासष्टावं?” मी काहीतरी गोड गोड पुढे केलं, रोज झाडांना पाणी घाला असलं काहीतरी. त्यांनी ते बघितलंही नाही. माझ्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात हात घातला आणि सगळ्यांत तळाची चिठ्ठी बाहेर ओढली. तिच्या कडा मऊ झाल्या होत्या, कारण पहिल्याच आठवड्यात मी ती लिहिली होती आणि रोज सकाळी वर आली की परत खाली सरकवत होते. कुणाच्या वहीतलं नाही, माझंच वाक्य. ‘राहिलेलं उत्तर आज द्या.’ त्यांनी विचारलं, “हे का नाही?” मी म्हटलं, “वापरून पाहिलेलं नाही.” “मग उद्या सुट्टी घ्या,” त्या म्हणाल्या, “आणि वापरा.” म्हणून आज मी घरी आहे, मनी. सकाळी शिंपीणबाईंना वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी यावेळी निकाल दिला नाही, फक्त म्हणाल्या, “जा वर.”

तुझ्या त्या पत्रात, तिसऱ्या पानावर तू एक प्रश्न विचारला होतास, ‘आई, बाबांनी शेवटि माझी आठवण काढली का?’ मी ‘शेवटि’ची वेलांटी दुरुस्त केली आणि पुढच्या ओळीवर गेले. आज त्याचं उत्तर देते. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी तुला फोनवर सांगितलं होतं की येऊ नकोस, परवा तुझा शेवटचा पेपर आहे, बाबा सुधारतायत. डॉक्टर मला तसं म्हणाले नव्हते. तुझं वर्ष वाया जाऊ नये म्हणून मी खोटं बोलले, आणि अजून आठ-दहा दिवस तरी हातात आहेत असं स्वतःलाही पटवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता त्यांनी डोळे उघडून विचारलं, “मनी निघाली का?” तेव्हा मला ‘मीच तिला थांबवलंय’ असं सांगायचं धैर्य झालं नाही. मी म्हटलं, “निघाली.” त्यांचा चेहरा असा उजळला, मनी, की मी तो जन्मभर विसरणार नाही. “कोणत्या गाडीने?” मी म्हटलं, सकाळच्या. आयुष्यभर बसडेपोत वेळापत्रकं लावलेला माणूस, त्याने लगेच बोटांवर हिशेब मांडला, मधे गाडी बदलायला पाऊण तास, म्हणजे सहाला पोचेल. मग मला म्हणाले, “माझे केस विंचर, हा अवतार बघून पोरगी घाबरेल.” मी केस विंचरले, धुतलेला सदरा घातला, पलंगाचा डोक्याकडचा भाग उचलून घेतला, म्हणजे दार दिसेल. अडीच तास ते तुझ्याबद्दलच बोलत होते. तू पाच वर्षांची असताना डेपोत गेली होतीस आणि विचारलं होतंस की गेलेली बस परत येते ती दमत नाही का, ते सांगून इतके हसले की खोकला लागला. तुझं कौतुक तोंडावर कधी केलं नाही म्हणाले, आज करणार आहे. पावणेपाचला त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, “अजून सव्वा तास आहे. जरा पडतो.” एवढंच. तू येतेस या आनंदात ते गेले, आणि तू यायला निघाली असतीस तर खरंच भेटली असतीस, हे मी तुझ्यापासून चार वर्षं लपवलं. तुझा अपराध मी केला आहे. त्यांना खोटा आनंद दिला आणि तुझा खरा हिरावून घेतला. तू रागाव, बोलू नकोस, ओरड, जे मनात येईल ते कर, मी ऐकेन आणि मधे एक शब्द बोलणार नाही. तू ‘ये’ म्हणालीस तर मी मिळेल त्या गाडीने येईन. काही म्हणाली नाहीस तरी रविवारी फोनपाशी असेन. आत्ता हे पाकीट घेऊन मी स्वतः पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत जाणार आहे, जणू मीच कुठली तरी परीक्षा द्यायला निघाले आहे. उत्तर ‘हो’ आहे, मनी. त्यांनी तुझी आठवण काढली. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या कुणाची काढलीच नाही.

चार वर्षं उशिरा, पण तुझीच,
आई